सिस्टिनोसिसमधील नेत्रविकृती

सिस्टिनोसिस हा आनुवंशिक चयापचय-विकार आहे. त्यात सिस्टीन हे गंधकयुक्त ॲमिनो अम्ल पेशींतील लायसोसोम या टाकाऊ पदार्थ पचवणाऱ्या पिशव्यांमधून बाहेर पडू शकत नाही; ते तिथेच साठते आणि त्याचे स्फटिक बनतात. सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त झळ मूत्रपिंडांना लागते. डोळ्यांतले स्फटिक मात्र सुई न टोचता, नुसते पाहून कळतात. म्हणून या विकाराच्या निदानात नेत्रवैद्याला मोठे स्थान आहे. विकार अप्रभावी जनुकामुळे होतो, म्हणजे आई आणि वडील दोघेही वाहक असले तरच मूल आजारी पडते. एक ते दोन लाख जन्मांमागे एक असे त्याचे प्रमाण सामान्यतः धरले जाते.

इतिहास व नावाचा घोळ : विल्यम हाइड वोलस्टन यांनी 1810 मध्ये मूत्राशयातल्या एका खड्यात हा पदार्थ प्रथम ओळखला, पुढे बर्झेलियस यांनी त्याला ‘सिस्टीन’ म्हटले. मूत्राशयाच्या ग्रीक नावावरून पडलेले हे नाव पुढे बरेच नडले. स्विस जीवरसायनज्ञ एमिल अब्देरहाल्डेन यांनी 1903 मध्ये 21 महिन्यांच्या एका मृत बालकाच्या इंद्रियांत सिस्टीनचा साठा नोंदवला. सिस्टिनोसिसचे हे पहिले वर्णन मानण्याचा प्रघात आहे. तथापि त्यांनी त्याला ‘घराण्यात चालणारी सिस्टीन-प्रवृत्ती’ असे मोघम नाव दिले आणि मुतखड्यांच्या सिस्टिन्यूरियापासून ते वेगळे काढले नाही. सिस्टिन्यूरियात दोष मूत्रनलिकांच्या शोषणाचा असतो. पेशींत साठा होत नाही आणि डोळे स्वच्छ राहतात. दोन्ही विकारांची ही सरमिसळ पुढे कित्येक वर्षे टिकली.

डच विकृतिवैज्ञानिक लिन्याक यांनी 1924 मध्ये मुडदूस, खुंटलेली वाढ आणि मूत्रपिंडाचा विकार यांची सांगड सिस्टीनच्या साठ्याशी घातली. स्वतंत्र रोग म्हणून सिस्टिनोसिस उभा राहिला तो इथून, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. 1930 नंतरच्या दशकात फँकोनी, द तोनी आणि दब्रे यांनी मूत्रनलिकांच्या बिघाडाचे चित्र पूर्ण केले. परिणामी जुन्या ग्रंथांत हा रोग ‘लिन्याक–फँकोनी’, ‘अब्देरहाल्डेन–काउफमान–लिन्याक’ अशा नावांखाली विखुरलेला सापडतो. मूत्रनलिकांच्या याच बिघाडाला म्हणतात तो फँकोनी लक्षणसमूह मात्र इतर कारणांनीही होतो, म्हणून ते नाव या रोगाला पर्याय म्हणून वापरू नये. डोळ्यांतील स्फटिकांच्या पहिल्या तपशीलवार वर्णनाचे श्रेय साधारणतः ब्यूर्की यांच्या 1941 च्या लेखाला दिले जाते.

स्फटिक इतके उशिरा नजरेत भरले, त्याला प्रयोगशाळेतली रीतही काही अंशी जबाबदार असावी. पाणीयुक्त फॉर्मलिन आणि नेहमीच्या रंजनप्रक्रियेत सिस्टीनचे स्फटिक बऱ्याचदा विरघळून जातात आणि काचपट्टीवर नुसत्या रिकाम्या जागा उरतात. ऊतीचा तुकडा अल्कोहोलमध्ये ठेवला तर ते टिकतात.

कारण : सतराव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवरील सीटीएनएस जनुक 1998 मध्ये सापडले. ते सिस्टिनोसिन हे 367 ॲमिनो अम्लांचे प्रथिन घडवते. लायसोसोमच्या पटलात बसून सिस्टीन बाहेर काढणे हे त्याचे काम. उत्तर युरोपीय वंशाच्या रुग्णांत या जनुकाचा सुमारे 57,000 बेसजोड्यांचा तुकडाच गळालेला पुष्कळदा आढळतो.

स्वच्छमंडल (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) : स्लिट लॅम्प या नेत्रतपासणीच्या उपकरणाचा अरुंद, तिरपा झोत बुबुळावर पडला की स्वच्छमंडलात सुईसारखे बारीक, रंग मारणारे कण चमकतात, काचेत अभ्रकाचा चुरा पसरावा तसे. जन्मतः ते नसतात. वर्षाच्या आसपास दिसू लागतात आणि दीड वर्षापर्यंत जवळजवळ प्रत्येक रुग्णात आढळतात. त्यामुळे सहा महिन्यांच्या बाळाचे डोळे स्वच्छ आहेत एवढ्यावरून रोग नाकारता येत नाही. उलट ‘ड’ जीवसत्त्व देऊनही मुडदूस हटत नाही, मूल सारखे पाणी मागते आणि लघवीही खूप होते, अशा वेळी नेत्रतपासणी सांगण्याची सवय बालरोगतज्ज्ञाने ठेवावी. युरोपीय ग्रंथांत भुरे केस व निळे डोळे ही खूण दिलेली असते; आपल्याकडच्या काळ्याभोर केसांच्या मुलात तिचा उपयोग नाही.

साठा कडेकडून मध्याकडे आणि पुढच्या थरांतून मागच्या थरांकडे सरकतो. नजर बराच काळ चांगली राहते. आधी जाचते ती प्रकाशासह्यता. मूल उन्हात पापण्या घट्ट मिटून घेते, खिडकीकडे पाठ करून बसते, टोपी काढू देत नाही. हा त्रास स्फटिकांवरून उजेड विखुरल्यामुळे होतो की स्वच्छमंडलातील चेतातंतूंच्या हानीमुळे आणि दाहामुळे, याबद्दल एकमत नाही. डोळ्यातले थर एकेक करून दाखवणाऱ्या कॉनफोकल सूक्ष्मदर्शकाने केलेल्या पाहणीत चेतातंतूंतील बदल व दाहपेशी दिसल्या आहेत, तेव्हा केवळ प्रकाशीय स्पष्टीकरण अपुरे वाटते. पुढे पृष्ठावर बारीक ओरखडे, वारंवार सोलवटणे आणि पट्ट्यासारखा कॅल्शियमचा थर असे उपद्रव होऊ शकतात.

सुईसारखे प्रत्येक स्फटिक सिस्टीनचेच असतात असे नाही. कुंडीत हौसेने लावतात त्या डायफेनबाकियाचा चीक डोळ्यांत उडाला तरी कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया स्वच्छमंडलात रुततात. तिथे घडलेला प्रसंग विचारला की उलगडा होतो.

इतर भाग : नेत्रश्लेष्मला (डोळ्याच्या पांढऱ्या भागावरचे पातळ आवरण) व परितारिकेतही (बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा) स्फटिक साठतात, परितारिका भिंगाला चिकटून क्वचित काचबिंदू होतो. जालपटलाच्या (डोळ्याच्या मागच्या प्रकाशग्राही पडद्याच्या) कडेला रंगद्रव्याचे ठिपके पडतात. हे बदल स्वच्छमंडलातील स्फटिकांच्याही आधी, काही आठवड्यांच्या अर्भकात, दिसू शकतात. नजर कायमची जाण्याचा धोका खरा इथेच असतो. काही रुग्णांत कवटीतील दाब वाढून नेत्रबिंबाला, म्हणजे दृष्टिचेता डोळ्याला मिळते त्या जागेला, सूज येते.

उपचार : सिस्टिॲमीन हे औषध लायसोसोममध्ये शिरून सिस्टीनचे दोन तुकडे करते. एक तुकडा, सिस्टीइन, स्वतःच्या वाटेने निघून जातो. दुसरा सिस्टिॲमीनशी जोडला जाऊन लायसिन या ॲमिनो अम्लासारखा दिसतो आणि त्याच्या वाहकावरून बाहेर पडतो. बंद दाराशेजारच्या दाराने माल काढण्याचा हा प्रकार. पेशींवरील त्याचा परिणाम 1976 मध्ये दाखवला गेला आणि तोंडाने घ्यायच्या औषधाला अमेरिकेत 1994 मध्ये परवानगी मिळाली. लवकर सुरू केल्यास जालपटलाची हानी लांबते. स्वच्छमंडलात मात्र रक्तवाहिन्या नसल्याने तोंडाने घेतलेले औषध तिथे पुरेसे पोचत नाही. मूत्रपिंडाचे रोपण झाले तरी डोळ्यांतला साठा चालूच राहतो.

म्हणून थेंब लागतात. 1987 मध्ये कायझर-कुप्फर व सहकाऱ्यांनी लहान मुलांच्या एका डोळ्यात सिस्टिॲमीन आणि दुसऱ्यात औषधविरहित थेंब घालून तुलना केली. औषधाच्या डोळ्यातले स्फटिक कमी झाले. अमेरिकेत 2012 मध्ये मान्य झालेले थेंब जागेपणी दर तासाला घालावे लागतात. घट्ट स्वरूपाचे नंतरचे थेंब दिवसातून चारदा पुरतात. त्यांना युरोपात 2017 मध्ये व अमेरिकेत 2020 मध्ये मान्यता मिळाली. औषध हवेत लवकर बिघडते, म्हणून उघडलेली बाटली आठवड्याने टाकून द्यावी लागते. थेंब झोंबतातही, त्यामुळे शाळेत जाणाऱ्या मुलाकडून तासातासाचा नेम पाळला जाणे कठीण असते.

इतर प्रकार : वरील वर्णन अर्भकावस्थेत सुरू होणाऱ्या, सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकाराचे आहे. किशोरवयीन प्रकार सौम्य व उशिरा सुरू होतो. 1957 मध्ये कोगन व सहकाऱ्यांनी प्रौढात वर्णिलेल्या तिसऱ्या प्रकारात मूत्रपिंडे शाबूत राहतात आणि स्फटिक स्वच्छमंडलात दिसतात. तो पुष्कळदा चष्म्याच्या तपासणीत योगायोगाने सापडतो.