वाळूची खाण उघडताना आधी माती सांभाळा

वाळूची खाण उघडताना आधी निघते ती वाळू नव्हे, माती. वरचा जेमतेम वीतभर थर खरवडून बाजूला काढतात, त्याखालची निकस माती वेगळी काढतात, आणि मग वाळू-गोट्यांचा थर उघडा पडतो. खाण संपल्यावर तिथे पुन्हा काही पिकेल का, हे बरंचसं या सुरुवातीच्या कामावरच ठरतं. जमीन पूर्ववत करणं हे शेवटी बघू म्हणण्याचं काम आहे, ही समजूत मला फार घातक वाटते.

वरची माती जिवंत असते. गांडुळं, जिवाणू, मुळांना फॉस्फरस पुरवणाऱ्या बुरश्या, गवताचं बी, सगळं तिच्यातच. उंच ढीग लावला की आत हवा पोहोचत नाही आणि हे जीव मरू लागतात. म्हणून ढीग दोन-तीन मीटरच्या वर नेऊ नये, त्यावर डंपर चढवू नये, लगेच गवत पेरावं. ओली माती तर हलवूच नये. यंत्राच्या वजनाने तिच्यातल्या पोकळ्या दबतात आणि पुढे कित्येक वर्षं पाणी मुरत नाही. सगळ्यात उत्तम म्हणजे ढीग लावायचाच नाही. नव्या पट्ट्यातली माती काढायची आणि थेट खणून झालेल्या पट्ट्यावर पसरायची.

उपसलेला माल चाळण्यांवर येतो. दोन मिलिमीटरपेक्षा बारीक ती वाळू, जाड ते गोटे. मोठे गोटे क्रशरमध्ये फोडतात. मग धुणं. दाण्यांवर चिकणमातीचा लेप राहिला तर सिमेंटची पकड बसत नाही. गढूळ पाणी तळ्यांत निवळवून पुन्हा वापरतात. त्या तळ्यांतला गाळ वरून सुकलेला दिसतो, आत मात्र मऊच असतो आणि माणूस त्यात रुतू शकतो. तिथे कुंपण हवंच.

खोदाई भूजलाच्या पातळीखाली गेली की खड्ड्याचं तळं होतं. इंग्लंडच्या कॉट्सवोल्ड वॉटर पार्कमध्ये अशी दीडशेहून अधिक तळी आहेत. पण खड्डा पाण्याने भरला म्हणजे काम झालं, असं नाही. कोरडी वाळू साधारण ३४ अंशांपर्यंतच उतार धरते. त्याहून उभा काठ आज ना उद्या ढासळतो. काठ सौम्य हवेत, कडेला उथळ पाणी हवं, म्हणजे लव्हाळी रुजते आणि पाणपक्षी येतात. माणसांची ये-जा नसलेल्या बाजूला मात्र एखादी उभी भिंत मुद्दाम ठेवावी. खंड्या आणि वेडे राघू अशाच भिंतीत बीळ करून अंडी घालतात. उघडं पडलेलं भूजल बाष्प होऊन उडतं आणि त्यात घाणही थेट मिसळते, हा या तळ्यांचा खरा तोटा.

शेतजमीनच परत हवी असेल, तर माती पसरण्याआधी खाणीचा घट्ट तळ खोलवर फोडावा लागतो, नाहीतर मुळं खाली उतरत नाहीत. सुरुवातीला हवेतला नत्र जमिनीत आणणारी शेंगावर्गीय पिकं घेतात. इंग्लंडमध्ये अशा जमिनीची साधारण ५ वर्षं निगा राखण्याची अट परवानगीतच घातलेली असते.