स्वार गेला, घोडा राहिला

आपल्या मूर्तिकलेत प्राणी बहुधा ओळखपत्राचं काम करतो. पायाशी उंदीर असला की गणपती, मोर असला की कार्तिकेय नाहीतर सरस्वती. वाहनावरून स्वार ओळखायचा. मुंबईत मात्र स्वार विसरला जातो आणि प्राणी तेवढा उरतो.

घारापुरीचंच घ्या. लेण्यांत शिवाची एवढी भव्य त्रिमूर्ती, पण पोर्तुगीजांनी बेटाला नाव दिलं ते किनाऱ्याजवळच्या दगडी हत्तीवरून, एलिफंटा. तो हत्ती 1814 मध्ये ढासळला. 1864 मध्ये त्याचे तुकडे भायखळ्याच्या राणीच्या बागेत आले आणि 1914 मध्ये ते जोडून तो पुन्हा उभा केला गेला. भाऊ दाजी लाड संग्रहालयाजवळ तो आजही आहे. बेटावर त्याचं फक्त नाव राहिलं.

त्याहून चमत्कारिक गोष्ट गद्धेगाळांची. शिलाहार राजांच्या काळापासूनचे, दानाची नोंद ठेवणारे हे दगड कोकणात आणि मुंबईच्या आसपास सापडतात. वर चंद्र-सूर्य, म्हणजे ते असेपर्यंत हे दान चालावं. खाली गाढव आणि स्त्री, म्हणजे दान मोडणाऱ्याला आईवरून दिलेली शिवी. अलिबागजवळच्या आक्षीचा 1012 चा शिलालेख याच जातीचा. पुढे लेख वाचणारं कुणी उरलं नाही, तेव्हा काही ठिकाणी लोकांनी अशा दगडांना देव समजून शेंदूर फासला. शिवीचा देव झाला!

इंग्रजांनी प्राणी वापरले ते सरळ राजकारणासाठी. 1888 मध्ये पूर्ण झालेल्या व्हीटी स्थानकाच्या फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह, दुसरीकडे वाघ. सिंह ब्रिटनचा, वाघ हिंदुस्थानचा. आज लोकल पकडायला धावणाऱ्याला कोण कुणाचा, याच्याशी काय घेणंदेणं?

आणि काळा घोडा. प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचा सातवा एडवर्ड, याचा अश्वारूढ पुतळा अल्बर्ट ससून यांनी शहराला दिला; 1879 मध्ये त्याचं अनावरण झालं. लोकांनी राजपुत्राला बाजूला ठेवून परिसराला घोड्याचं नाव दिलं. 1965 मध्ये पुतळा हलवला, तरी नाव हललं नाही. याच परिसरात जहांगीर कलादालन. मुंबईत सिनेमाचे फलक रंगवून पोट भरलेल्या चित्रकार एम. एफ. हुसेन यांचे घोडे आधुनिक चित्रकलेत गाजले. त्यांतल्या कितीतरी घोड्यांवर स्वारच नाही. त्याचा धागा अनेक जण मोहरमच्या मिरवणुकीतल्या बिनस्वाराच्या घोड्याशी जोडतात. तिथे रिकामं खोगीर म्हणजे शोक.

2017 मध्ये काळा घोड्याला श्रीहरी भोसले यांनी घडवलेला नवा घोडा आला. त्याची पाठ मुद्दामच रिकामी आहे. जुना राजपुत्र भायखळ्याच्या त्याच बागेत, हत्तीच्या शेजारात, अजून घोड्यावर बसलेला आहे. गर्दी त्याला ओलांडून पेंग्विन बघायला जाते.