राणी आणि निश्चयकांचं पुस्तक

सांगलीत विश्रामबागेतल्या शिकवणीत सर हा किस्सा रंगवून सांगायचे: ‘ॲलिस इन वंडरलँड’ ही गोष्ट वाचून हरखलेल्या व्हिक्टोरिया राणीनं लुईस कॅरोलचं पुढचं पुस्तक मागवलं, नि हाती पडलं निश्चयकांचं, म्हणजे संख्यांच्या चौकोनी मांडणीतून एक किंमत काढण्याचं, गणित!

किस्सा झकास, पण खोटा. खुद्द कॅरोलनंच १८९६ मध्ये आपल्या तर्कशास्त्राच्या पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीत तो साफ नाकारला. तरी पसरला, कारण निम्मं खरंच होतं: १८६५ मध्ये ‘ॲलिस’ लिहिणारा हा माणूस ऑक्सफर्डला गणित शिकवायचा. निश्चयकांवरचं पुस्तकही त्याचंच, १८६७ चं. फक्त त्यावर चार्ल्स डॉजसन हे खरं नाव.

‘ॲलिस’चा पगडा तर वैद्यकातही आहे. वस्तू उगाच लहान-मोठ्या दिसण्याच्या विकाराला १९५५ मध्ये तिचंच नाव मिळालं. सरांनी हे सांगितलं असतं तरी आम्ही तितकेच तोंड वासून बसलो असतो.