दोन हिरव्यांमधलं तापमान

फोडणीचं तेल तापलं का हे पाहायला आपण त्यात मोहरीचा एक दाणा टाकतो. तो तडतडला की कळतं. तेलात बोट घालावं लागत नाही. तापमान सांगणारी वस्तू तेलात असते आणि पाहणारे आपण बाहेर. जिवंत पेशीच्या आतलं किंवा रोहित्राच्या गुंडाळीतलं तापमान मोजायचं तर असाच दाणा हवा. पेशीत तापमापक मावत नाही आणि हजारो व्होल्टच्या गुंडाळीला धातूची तार चिकटवणं धोक्याचं असतं.

हा दाणा दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांमध्ये सापडला. सोडियम यिट्रियम फ्लोराइड या स्फटिकात थोडं यिटर्बियम आणि त्याहून थोडं अर्बियम मिसळलं की मैद्यासारखी पांढरी भुकटी मिळते. तिच्यावर ९८० नॅनोमीटरचा अवरक्त लेसर सोडला तर तो झोत आपल्याला दिसत नाही, पण तो पडतो त्या जागी स्वच्छ हिरवा ठिपका उजळतो. कमी ऊर्जेचा प्रकाश आत जातो आणि जास्त ऊर्जेचा बाहेर येतो. यिटर्बियम अवरक्त प्रकाशकण टिपतं आणि त्यांची ऊर्जा शेजारच्या अर्बियमला एकामागून एक देतं. अशा दोन हप्त्यांतून एक हिरवा प्रकाशकण तयार होतो. या देवाणघेवाणीचा उलगडा फ्रान्सच्या फ्रांस्वा ओझेल यांनी १९६६ मध्ये केला.

आता तोच हिरवा ठिपका वर्णपटमापकातून, म्हणजे प्रकाशातल्या तरंगलांबी वेगवेगळ्या करून दाखवणाऱ्या उपकरणातून पाहा. पडद्यावर दोन उंचवटे दिसतात, एक ५२५ नॅनोमीटरजवळ आणि दुसरा ५४५ जवळ. अर्बियममध्ये दोन ऊर्जापातळ्या अगदी लागून आहेत, जिन्याच्या दोन पायऱ्यांसारख्या. खालच्या पायरीवरून उतरणारा इलेक्ट्रॉन ५४५ चा प्रकाश देतो, वरचीवरून उतरणारा ५२५ चा. दोन पायऱ्यांमधलं अंतर इतकं लहान आहे की स्फटिकाच्या उष्णतेचा धक्का बसून काही इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवर जातात. भुकटी जितकी गरम, तितकी वरच्या पायरीवर गर्दी जास्त, आणि तितका ५२५ चा उंचवटा वाढतो. भुकटी २७ वरून ४७ अंश सेल्सिअसपर्यंत तापवली तर दोन्हींचं गुणोत्तर, म्हणजे ५२५ चा उंचवटा भागिले ५४५ चा, सुमारे पाव पटीने वाढतं. खोलीच्या तापमानाला अंशामागे साधारण एक टक्का, असा हा हिशोब आहे. निरपेक्ष (केल्विनमधलं) तापमान दुप्पट झालं की ही संवेदनक्षमता चौथ्या हिश्शावर येते, म्हणून भट्टीसाठी पातळ्यांची दुसरी जोडी निवडावी लागते.

माझ्या मते या पद्धतीचं सगळं मर्म ‘गुणोत्तर’ या शब्दात आहे. नुसत्या उजेडावर विश्वास ठेवता येत नाही. लेसर जरा मंदावला, भुकटी कुठे दाट कुठे विरळ पडली, की उजेड बदलतो आणि त्याचा तापमानाशी काही संबंध नसतो. पण हे बदल दोन्ही हिरव्यांना सारखेच लागू होतात आणि भागाकारात गळून जातात.

हे काम याच मूलद्रव्यांना का जमतं? त्यांचे प्रकाश देणारे इलेक्ट्रॉन अणूच्या आतल्या कवचात असतात आणि बाहेरची कवचं त्यांना आडोसा देतात. त्यामुळे स्फटिक कोणताही असला तरी त्यांच्या वर्णपटातल्या रेषा, म्हणजे हे उंचवटे, फारशा ढळत नाहीत आणि अरुंद राहतात. रुंद रेषा एकमेकींत मिसळल्या असत्या तर ५२५ आणि ५४५ वेगळे मोजताच आले नसते. यिट्रियम, यिटर्बियम, अर्बियम आणि टर्बियम या चौघांचीही नावं स्वीडनमधल्या इटर्बी या एकाच गावावरून पडली आहेत. तिथल्या खाणीत १७८७ मध्ये एक काळा, जड दगड मिळाला, तिथून ही कहाणी सुरू झाली. आपल्याकडे रुग्णालयांत एक्स-रे तंत्रज्ञ छातीला जो बिल्ला लावतात, त्यातही याच कुळातलं डिस्प्रोशियम असतं. तिथे क्रम उलटा आहे: बिल्ल्यातली चकती तापवून तिच्यातून निघणारा प्रकाश मोजतात आणि त्यावरून किरणोत्साराची मात्रा काढतात.

२०१० मध्ये संशोधकांनी अर्बियम-यिटर्बियमचे नॅनोकण ‘हेला’ नावाच्या कर्करोग-पेशींत सोडले आणि त्या पेशी २५ वरून ४५ अंशांपर्यंत तापताना आतलं तापमान वाचलं. अवरक्त प्रकाशाने पेशी स्वतः चमकत नाही, म्हणून नॅनोकणांचा हिरवा प्रकाश स्वच्छ दिसतो.

मात्र पेशीकडून जिवंत शरीराकडे जाताना गुणोत्तरही फसवतं, आणि ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ऑक्सिजनयुक्त रक्तातलं हिमोग्लोबिन ५४० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश जोरात शोषतं, ५२५ ला त्यामानाने कमी. म्हणजे कण रक्ताच्या पडद्यामागे असेल तर ५४५ चा उंचवटा जास्त खचतो, गुणोत्तर फुगतं आणि तापमान प्रत्यक्षापेक्षा जास्त वाचलं जातं. कण तसूभरही तापलेला नसतो. भर म्हणून ९८० चा लेसर पाण्यात शोषला जातो आणि नमुना स्वतःच तापवतो, म्हणजे मोजण्याच्या क्रियेनेच उत्तर बदलतं. म्हणून शरीराच्या आत जाणारे संशोधक आता हिरवा रंग सोडून निओडिमियमकडे वळत आहेत. त्याला ८०८ नॅनोमीटरचा लेसर चालतो, हा लेसर पाणी फारसा शोषत नाही, आणि निओडिमियमचा प्रकाशही अवरक्तातच निघतो. तिथेही ऊतींमधून येताना प्रत्येक तरंगलांबी वेगळी गळते, म्हणून कोणत्या गुणोत्तराला किती तापमान याची सारणी बनवताना कण नुसते काचपट्टीवर न ठेवता त्यांच्यावर मांसाचा तेवढाच जाड थर ठेवून पाहावं लागतं.