खेळातल्या दुखापती: ‘लागायचंच’ ते ‘का लागलं?’

सामन्याआधी खेळाडू एका पायावर तोल सांभाळत उभे राहतात, गुडघ्यांवर बसून सावकाश पुढे झुकतात, उडी मारून गुडघे वाकवत अलगद उतरतात. बघणाऱ्याला वाटतं, अंग मोकळं करतायत. पण कुणीतरी चिकाटीने दुखापती मोजल्या, म्हणून यातल्या कितीतरी हालचाली मैदानावर आल्या. त्याआधी बराच काळ ‘खेळ म्हटला की लागायचंच’ असंच समजलं जायचं.

जखमी खेळाडूवर उपचार करणारे मात्र पूर्वीपासून होते. इ. स. 157 मध्ये गेलन हा वैद्य आजच्या तुर्कस्तानातल्या पर्गामममध्ये ग्लॅडिएटरांच्या, म्हणजे रोमन आखाड्यात लढणाऱ्यांच्या, जखमा सांभाळू लागला. 1928 मध्ये सेंट मॉरिट्झच्या हिवाळी ऑलिम्पिकच्या वेळी क्रीडावैद्यकाची आंतरराष्ट्रीय संघटनाही उभी राहिली. बचाव मात्र ज्याचा त्यानेच करायचा. 1874 मध्ये सॅम विडोसन या इंग्लिश फुटबॉलपटूने क्रिकेटचे पॅड कापून नडगीवर बांधले, तेही स्वतःच्याच डोक्याने.

असं काही अंगावर चढवणं भित्रेपणाचं मानलं जाई, आणि या लाजेपायी फार नुकसान झालं. 1 नोव्हेंबर 1959 रोजी आइस हॉकीतला गोलरक्षक जॅक प्लांट याच्या चेहऱ्यावर पक, म्हणजे या खेळातली कडक रबरी चकती, बसली. टाके घातल्यावर त्याने सांगितलं, मुखवटा घालू देणार असाल तरच परत खेळतो. प्रशिक्षकाला ते मुळीच पसंत नव्हतं, पण तो मुखवट्यासह खेळला आणि संघ जिंकला. क्रिकेटमध्ये 1962 साली वेस्ट इंडीजमधल्या ब्रिजटाउनला भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या कवटीवर चेंडू आदळला. जीव वाचला, पण ते पुन्हा कसोटी खेळू शकले नाहीत. कसोटीत पहिल्यांदा हेल्मेट दिसलं ते त्याच मैदानावर, 16 वर्षांनी, ऑस्ट्रेलियाच्या ग्रॅहम यॅलपच्या डोक्यावर. प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली.

पण नुसत्या साधनांनी भागत नाही, हे अमेरिकन फुटबॉलने, म्हणजे चेंडू हातात घेऊन धडका देत पुढे न्यायच्या खेळाने, फार महागात शिकवलं. 1905 च्या हंगामात या खेळात किमान 18 मृत्यूंची नोंद झाली. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रुझवेल्ट यांनी त्याच हंगामात मोठ्या विद्यापीठांच्या प्रतिनिधींना बोलावून घेतलं होतं. 1906 मध्ये चेंडू पुढे फेकायला परवानगी मिळाली. घोळक्याने एकमेकांना रेटण्याचा खेळ त्यामुळे थोडा मोकळा व्हावा, हा हेतू. 1931 पासून मृत्यूंची दरवर्षी पद्धतशीर नोंद होऊ लागली.

पुढे चामड्याच्या टोपीच्या जागी कडक प्लॅस्टिकचं हेल्मेट आलं, त्यावर तोंडापुढची जाळी आली. डोकं सुरक्षित झालं आणि खेळाडू डोक्यानेच धडक मारू लागले. आता माना मोडायला लागल्या. जोसेफ टॉर्ग या अस्थितज्ज्ञाने दुखापतींची नोंद तपासली, सामन्यांच्या फिल्मही पाहिल्या. मान किंचित खाली झुकली की तिची नैसर्गिक कमान सरळ होते, मणके खांबासारखे एका रेषेत येतात. मग टाळूवर बसलेला धक्का स्नायूंना पेलता येत नाही, तो थेट मणक्यांवर जातो. 1976 मध्ये शाळा आणि कॉलेजांच्या सामन्यांत डोकं पुढे करून धडकायला बंदी आली. त्या वर्षी मानेच्या दुखापतीने हातपाय कायमचे लुळे पडलेले 34 खेळाडू नोंदले गेले होते. 1984 मध्ये ही संख्या 5 वर आली. हेल्मेट डोक्यावर होतंच, बदलली ती धडक मारायची रीत. या सगळ्या इतिहासात मला याहून मोठं यश दिसत नाही.

मोठ्या स्पर्धांबाहेरच्या खेळाडूंना मात्र छळतात त्या मुरगळलेला घोटा, गुडघ्यातलं तुटलेलं लिगामेंट (हाडांना जोडणारा पट्टा), मांडीमागे ओढला गेलेला स्नायू. 1983 मध्ये स्वीडनच्या यान एकस्ट्रांड आणि सहकाऱ्यांनी फुटबॉलच्या 12 संघांवर प्रयोग केला. निम्म्या संघांना व्यवस्थित वॉर्म-अप, घोट्याला पट्टी, दुखापतीनंतर पुरेसा सराव झाल्यावरच मैदानावर परत, अशी शिस्त लावली. त्या संघांत दुखापती 75 टक्क्यांनी कमी झाल्या. 1992 मध्ये नेदरलँड्सच्या विलेम व्हान मेखेलेन यांनी या कामाचा क्रम मांडला: किती जणांना लागतं ते मोजा, का लागतं ते शोधा, उपाय करा, आणि पुन्हा मोजा. शेवटची पायरी नेमकी टाळली जाते. खेळाआधी स्नायू ताणून धरले की दुखापत टळते, ही समजूत त्यामुळेच इतकी टिकली. 2000 मध्ये ऑस्ट्रेलियन लष्कराच्या 1538 नव्या जवानांवर ती तपासली, तेव्हा पायांच्या दुखापतींत म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

मोजून टिकलेले उपायही आहेत. 2008 मध्ये नॉर्वेतल्या 125 क्लबांच्या 13 ते 17 वर्षांच्या फुटबॉलपटू मुलींवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तोल, ताकद आणि नीट उतरणं शिकवणाऱ्या सुमारे 20 मिनिटांच्या वॉर्म-अपने दुखापती साधारण एक-तृतीयांशाने घटल्या. डेन्मार्कमध्ये 50 फुटबॉल संघांपैकी साधारण निम्म्यांनी गुडघ्यांवर बसून पुढे झुकण्याचा व्यायाम केला. त्यांच्यात मांडीमागच्या स्नायूच्या 15 दुखापती झाल्या, इतरांत 52. यासाठी लागतो फक्त घोटे धरून ठेवणारा एक जोडीदार. इतकं स्वस्त औषध असून कितीतरी संघ ते करत नाहीत, याचं मनापासून वाईट वाटतं.

डोक्याच्या माराला मात्र अजून असा उतारा नाही. तिथे निदान वेळेत बाहेर बसवणं तरी हाती आहे. 2014 मध्ये ऑस्ट्रेलियन क्रिकेटपटू फिल ह्यूजचा मानेवर चेंडू लागून मृत्यू झाला, त्यानंतर हेल्मेटला मानेमागचं संरक्षक आवरण जोडलं जाऊ लागलं. पण चक्कर येत असलेला फलंदाज बाहेर गेला तर संघ एकाने कमी पडायचा, म्हणून तो गप्प राहायचा. ऑगस्ट 2019 पासून डोक्याला मार लागलेल्याच्या जागी येणाऱ्या बदली खेळाडूला फलंदाजी-गोलंदाजीही करता येऊ लागली. त्याच महिन्यात लॉर्ड्सवर इंग्लंडच्या जोफ्रा आर्चरचा चेंडू ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह स्मिथच्या मानेवर बसला. तपासणीनंतर तो पुन्हा फलंदाजीला उतरलासुद्धा. त्रास जाणवला तो दुसऱ्या दिवशी सकाळी. त्याच्या जागी मार्नस लबुशेन आला. त्यालाही आर्चरचा दुसराच चेंडू हेल्मेटच्या जाळीवर बसला. तो उठला, खेळला, 59 धावा केल्या. स्मिथला पुढच्या कसोटीतही विश्रांती देण्यात आली.