संग्रहालयाच्या स्टोअरमधली वस्तू अभ्यासायची आहे? पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची पद्धत

कुठल्याही मोठ्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या दालनांतून दिवसभर फिरलो, तरी आपण त्याच्या साठ्याचा लहानसा तुकडाच पाहिलेला असतो. लंडनच्या ब्रिटिश म्युझियमकडे किमान 80 लाख वस्तू आहेत आणि एका वेळी मांडलेल्या असतात त्यांतल्या सुमारे 80 हजार. शेकडा एक. उरलेल्या 99 टक्के वस्तू खणांत, कपाटांत, सरकत्या जाळ्यांवर असतात.

त्या कुणी दडवून ठेवलेल्या नसतात. प्रकाशाने कापड, कागद आणि जलरंग यांचं जे नुकसान होतं ते साठत जातं, भरून येत नाही. म्हणून अशा वस्तूंवर साधारण 50 लक्सपेक्षा (लक्स हे प्रकाश मोजण्याचं एकक) जास्त प्रकाश पडू देत नाहीत आणि काही महिन्यांनी त्यांना पुन्हा अंधारात विश्रांती देतात. शिवाय एकाच प्रकारच्या शेकडो नाण्यांची किंवा शिंपल्यांची गरज दालनाला नसते, अभ्यासकाला असते. हा राखीव साठा अभ्यासासाठीच सांभाळलेला असतो. तो पाहायला मिळतो, त्यासाठी अर्ज मात्र नीट करावा लागतो.

अर्ज कोण करू शकतं?

सर्वांत मोठा गैरसमज इथेच आहे. पीएचडी नसेल तर विचारूच नये, असं अनेकांना वाटतं. विद्यापीठातले संशोधक आणि विद्यार्थी जास्त अर्ज करतात हे खरं, पण विणकर, कुंभार, वाद्यं बनवणारे, चित्रकार, स्थानिक इतिहास लिहिणारे आणि ज्यांच्या समाजाकडून ती वस्तू गेली ते लोक यांनाही बऱ्याच राष्ट्रीय संग्रहालयांत भेट दिली जाते. क्युरेटर, म्हणजे तो संग्रह सांभाळणारा तज्ज्ञ, पदवीपेक्षा प्रश्न पाहतो: ही वस्तू प्रत्यक्षच का पाहायला हवी? फोटोवरून काम भागणार असेल तर तो फोटो पाठवेल, आणि ते योग्यही आहे, कारण प्रत्येक हाताळणीत वस्तूला थोडा धोका असतोच.

काही ठिकाणी तर कारणही द्यावं लागत नाही. लंडनमध्ये 31 मे 2025 रोजी उघडलेल्या व्ही अँड ए (व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट) संग्रहालयाच्या ईस्ट स्टोअरहाउसमध्ये अडीच लाखांहून अधिक वस्तू आहेत. तिथे किमान दोन आठवडे आधी नोंदणी करून एका भेटीसाठी पाच वस्तूंपर्यंत मागवता येतात, कुणालाही. हे सगळीकडे व्हावं असं मला मनापासून वाटतं. तोवर बहुतेक ठिकाणी पुढची पद्धत लागू पडते.

आधी नंबर शोधा

अर्जाचा प्राण म्हणजे अ‍ॅक्सेशन नंबर, म्हणजे संग्रहात दाखल होताना वस्तूला मिळालेला नोंदणी क्रमांक. माझा पहिला अर्ज एका ओळीच्या उत्तरासह परत आला होता. मी लिहिलं होतं, ‘आपल्या संग्रहातील विणलेली वस्त्रे पाहू इच्छिते.’ उत्तर आलं, ‘कोणती?’ त्या विभागात हजारो वस्त्रं होती. दुसऱ्या खेपेला मी सहा नंबर दिले आणि प्रत्येकापुढे एका वाक्यात लिहिलं की मला त्याच्या काठाच्या विणीत काय मोजायचं आहे. परवानगी मिळाली.

नंबर वाचायला शिकलात की तो बोलू लागतो. 1987.45.3 असं असेल, तर प्रचलित पद्धतीनुसार वस्तू 1987 मध्ये आली, त्या वर्षीची ती 45 वी नोंद होती आणि त्या नोंदीतली ही तिसरी वस्तू. म्हणजे 45.1 आणि 45.2 सुद्धा कुठेतरी आहेत, त्याही मागा. जुन्या संग्रहालयांच्या तऱ्हा वेगळ्या असतात. ब्रिटिश म्युझियमच्या अनेक नंबरांत वर्षानंतर महिना आणि दिवसही येतो, तर तिथल्या प्रसिद्ध रोझेटा शिलालेखाचा नंबर नुसता ईए 24 आहे. नंबर जसा छापलाय तसाच उतरवा, स्वल्पविरामाचा टिंब करू नका.

नंबर संग्रहालयाच्या ऑनलाइन सूचीत मिळतो. सूची अपुरी असेल तर जुने प्रदर्शन-कॅटलॉग किंवा शोधनिबंधांतल्या चित्राखालच्या ओळी चाळा. तरीही सापडला नाही, तर वस्तूचं वर्णन, ठिकाण, काळ, साहित्य आणि दात्याचं नाव माहीत असल्यास ते कळवा.

कागदपत्रे

साधारणपणे हे मागतात: फोटो असलेलं ओळखपत्र, संस्थेचं किंवा मार्गदर्शकाचं पत्र (स्वतंत्र अभ्यासक असाल तर तुमचं काम ओळखणाऱ्या कुणाचं शिफारसपत्र), एका पानाचा अभ्यासाचा आराखडा, नंबरांसह वस्तूंची यादी आणि भेटीच्या दोन-तीन पर्यायी तारखा. वजनकाटा, सूक्ष्मदर्शक, दिवा असं काही नेणार असाल तर तेही लिहा. फोटो काढायचे असतील तर स्वतःच्या टिपणांसाठी की छापण्यासाठी, हे स्पष्ट करा. दोन्हींचे नियम वेगळे असतात आणि शुल्क लागतं ते बहुधा दुसऱ्यालाच.

आणखी एक गोष्ट आवर्जून मागा, बरेच जण विसरतात: वस्तूची फाइल. खरेदीचा किंवा देणगीचा पत्रव्यवहार, जुन्या लेबलांच्या नोंदी, जतन विभागाने केलेली दुरुस्ती, काढलेले क्ष-किरण फोटो हे सगळं त्यात असतं. वस्तू कुणाच्या हातून कुणाकडे गेली हे वस्तूवर क्वचितच लिहिलेलं असतं, फाइलमध्ये मात्र त्याचे धागे सापडतात. एखादं भांडं कालपरवा सोनेरी केलं गेलं की मुळातच तसं होतं, हे मला एकदा फाइलीतल्या दुरुस्तीच्या चिठ्ठीवरूनच कळलं. वस्तूकडे दोन तास बघूनही कळलं नव्हतं. फाइल अनेकदा वस्तूंच्या नोंदी ठेवणाऱ्या रजिस्ट्रारच्या किंवा अभिलेखांच्या विभागात असते, म्हणून तिची विनंती वेगळी करावी लागते.

मानवी अवशेष आणि पवित्र वस्तूंसाठी संबंधित समाजाची संमती किंवा नैतिकता समितीची मान्यता लागू शकते. नमुना कापून किंवा खरवडून घ्यायचा असेल तर तो पूर्ण वेगळा अर्ज आहे. कार्बन कालमापनाला आज काही मिलिग्रॅम पुरतात, पण गेलेला कण परत येत नाही. त्यामुळे नमुना कुठून घेणार, किती घेणार, इतर मार्गाने हे का कळणार नाही, उरलेला भाग परत करणार का, हे सगळं विचारलं जातं.

नकार आला तर

वस्तू दुसऱ्या प्रदर्शनासाठी उसनी गेली आहे, जतन विभागात आहे, हलवण्याइतकी मजबूत नाही, ही नेहमीची कारणं आहेत. निराश होऊ नका. ती परत कधी येणार ते विचारा, मोठ्या आकाराचा फोटो मागा, त्याच जातकुळीतली दुसरी वस्तू चालेल का ते कळवा.

भेटीच्या दिवशी

पेन नाही, शिसपेन्सिल. बॅग बाहेर. अंगठ्या, कडी, लोंबणारं ओळखपत्र काढून ठेवा, हाताला क्रीम लावू नका. हातमोज्यांचा आग्रह सरसकट नसतो: धातूसाठी नायट्राइलचे (एका कृत्रिम रबराचे) मोजे देतात, कारण घामाने धातू गंजतो, पण हस्तलिखितं बहुधा धुऊन कोरड्या केलेल्या हातांनीच हाताळतात, कारण मोज्यात बोटाला पानाची जाणीव राहत नाही. पेंढा भरलेले जुने पक्षी-प्राणी आणि पिसांच्या वस्तू यांना मात्र मोजे घातल्याशिवाय हात लावू नका. कीड लागू नये म्हणून पूर्वी त्यांना आर्सेनिक चोळत, आणि ते अजूनही तिथेच असतं.

वस्तू उचलण्याऐवजी तिच्याभोवती आपण फिरावं. उलटी बाजू पाहायची असेल तर सोबतच्या कर्मचाऱ्याला सांगा.

प्रदर्शनासाठी वस्तू हवी असेल तर

हा अर्ज व्यक्तीला नाही, संस्थेलाच करता येतो आणि तो बहुधा सहा महिने ते वर्षभर आधी द्यावा लागतो. सोबत इमारतीची सुरक्षा, आग, तापमान, आर्द्रता आणि प्रकाश यांचा सविस्तर अहवाल लागतो. विमा वस्तू जागेवरून निघाल्यापासून परत जागेवर येईपर्यंतचा असतो. पेटी पोचल्यावर लगेच उघडत नाहीत, नव्या हवेशी जुळवून घ्यायला साधारण 24 तास तशीच ठेवतात. निघताना आणि पोचल्यावर वस्तूच्या स्थितीची नोंद करून सह्या होतात.

भेटीनंतर

लेखात किंवा प्रबंधात संग्रहालयाचं नाव आणि पूर्ण अ‍ॅक्सेशन नंबर द्या, आणि छापलेली प्रत विभागाला पाठवा. ती त्याच वस्तूच्या फाइलमध्ये जाते. सूचीतली तारीख, साहित्य किंवा ठिकाण चुकीचं आढळलं तर पुराव्यासह क्युरेटरला लिहा. माझ्या सहा वस्त्रांपैकी एकाची नोंद ‘सुती’ अशी होती. आडवा धागा रेशमाचा निघाला, आणि आता सूचीत तसं लिहिलेलं आहे.