सोलापूरची सोलर वीज नेपाळला विकायची? अर्ज कोणी करायचा, कुठे करायचा

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचे मालक परवा फाइल बगलेत मारूनच आले. शेडच्या पत्र्यावर त्यांचं सोलर आहे, सुट्टीच्या दिवशी माग बंद असले की सगळी वीज महावितरणच्या तारेत जाते. नेपाळची वीज भारतातून बांगलादेशला गेल्याची बातमी त्यांनी वाचली होती. "मग आपली वीज नेपाळला का नको? फॉर्म कुठला भरायचा तेवढं सांगा."

फॉर्म आहे, पण तो मालकांसाठी नाही. नेट मीटरिंगवाल्याची, म्हणजे वापरलेली आणि तारेत सोडलेली वीज बिलात वजा करून घेणाऱ्याची, जास्तीची वीज महावितरणच्या खात्यातच जमा होते, ती उचलून दुसऱ्याला विकता येत नाही. हे ऐकून त्यांनी फाइल मिटली. पण मंगळवेढा-सांगोल्याकडे मोठे सोलर प्रकल्प टाकणारेही आता हेच विचारू लागलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शेजारी देशांशी वीज देवाणघेवाणीची मार्गदर्शक तत्त्वं केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने १८ डिसेंबर २०१८ रोजी काढली. केंद्रीय वीज नियामक आयोगाचे त्यावरचे नियम २०१९ चे आणि अर्जाची प्रत्यक्ष कार्यपद्धती फेब्रुवारी २०२१ ची. मंजुरी देणारा नियुक्त प्राधिकारी दिल्लीत केंद्रीय विद्युत प्राधिकरणात, म्हणजे सीईएत, बसतो. महावितरणच्या सोलापूर कार्यालयात किंवा मेडाच्या, म्हणजे राज्याच्या ऊर्जा विकास संस्थेच्या, ऑफिसात याची चौकशी करून उपयोग नाही.

अर्ज करू शकतात ते तिघे: वीजनिर्मिती कंपनी, वितरण कंपनी आणि वीज व्यापाराचा परवाना असलेली कंपनी. हा तिसरा कोण, हे सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको. मार्केट यार्डात कांदा घेऊन गेलेला शेतकरी स्वतः बंगालच्या व्यापाऱ्याशी सौदा करत बसत नाही, मध्ये आडत्या असतो. विजेतला आडत्या म्हणजे हा परवानाधारक. निर्मिती कंपनी थेटही विकू शकते किंवा याच्यामार्फत. मधल्या आकाराच्या प्रकल्पाने आडत्याच धरावा असं माझं मत आहे, कारण पलीकडच्या देशातली कागदपत्रं आणि पैशांची वसुली हे एकट्याचं काम नाही.

सौर, पवन आणि जलविद्युत निर्यातीला चालते. कोळशाच्या विजेला मात्र अट आहे: कोळसा आयात केलेला, स्पॉट ई-लिलावातला किंवा व्यावसायिक खाणीतला हवा. देशांतर्गत वापरासाठी सवलतीच्या कोट्यात मिळालेला कोळसा जाळून वीज बाहेर विकता येत नाही. म्हणजे फताटेवाडीच्या १३२० मेगावॉटच्या एनटीपीसी कोळसा केंद्राच्या चिमण्या लांबून दिसतात म्हणून तिथली वीज कुणालाही विकायला मोकळी आहे असं समजू नका. ती राज्यांना वाटून दिलेली असते.

अर्जासोबत काय लागतं? कंपनीच्या नोंदणीची कागदपत्रं, प्रकल्प कुठे आहे आणि इंधन कोणतं, किती मेगावॉट आणि किती काळासाठी, वीज कोणत्या उपकेंद्रातून ग्रीडमध्ये चढणार, पलीकडच्या खरेदीदाराशी झालेला करार किंवा निदान समजुतीचा कागद. व्यापारी कंपनी असेल तर तिचा परवाना. एवढं कुठलाही सल्लागार गोळा करून देईल.

खरी ग्यानबाची मेख आहे मालकीच्या तपशिलात. पलीकडच्या कंपनीचा खरा मालक, तिच्यावरचं नियंत्रण किंवा तिचा पैसा तिसऱ्या देशातला असेल, त्या देशाची जमिनीवरची सीमा भारताला लागत असेल आणि त्याच्याशी आपला वीज सहकार्याचा करार नसेल, तर मंजुरी अडते. नियमात नाव कुणाचंच नाही, पण रोख चीनकडे आहे हे उघड आहे. नेपाळमधल्या कित्येक जलविद्युत प्रकल्पांत चिनी कंपन्या आहेत, त्यामुळे तिकडून वीज आणणाऱ्यांना ही अट फार जाचते. भागधारकांची यादी वरवरची न देता शेवटच्या माणसापर्यंत द्या. नंतर शेअर्स हलले तर तेही कळवा.

मंजुरी हातात आली म्हणजे तार मोकळी झाली असं नाही. दीर्घ मुदतीच्या वहनासाठी केंद्रीय पारेषण उपक्रमाकडे, म्हणजे सीटीयूकडे, आणि अल्प मुदतीसाठी राष्ट्रीय भार प्रेषण केंद्राकडे वेगळा अर्ज जातो. मग रोजचं वेळापत्रक. दिवसाचे १५-१५ मिनिटांचे ९६ तुकडे, प्रत्येक तुकड्यात किती वीज देणार ते आदल्या दिवशी सांगायचं. दुपारी ढग आला आणि आकडा चुकला की फरकाचे पैसे भरायचे. आपल्याकडे ऊन भरवशाचं, पण जून-जुलैत ते किती दगा देतं हे कुणालाही विचारा.

सोलापूरची वीज तारेतून वाहत काठमांडूला जाते का? तसं नाही, ग्रीड एक असतं आणि हिशेब वहीत होतो. ते एक ग्रीड सोलापुरातच जुळलं ही गोष्ट इथल्याच बऱ्याच जणांना ठाऊक नाही. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचं ग्रीड उरलेल्या देशाशी जोडलं गेलं. नेपाळ आणि भूतान याच ग्रीडशी एका लयीत जोडलेले आहेत, बांगलादेशला मात्र तिथल्या भेडामाराच्या एचव्हीडीसी केंद्रातून, म्हणजे वीज एकदिश करून पुन्हा प्रत्यावर्ती करणाऱ्या केंद्रातून, वीज जाते. नोव्हेंबर २०२४ मध्ये नेपाळचे ४० मेगावॉट मुझफ्फरपूर, बहरामपूर असा रस्ता धरून तिथेच पोचले. त्यासाठी भारत, नेपाळ, बांगलादेश असा तिहेरी करार आधी, ३ ऑक्टोबरला, झाला होता. भारताची तार वापरून दोन शेजाऱ्यांनी आपसात व्यापार करायचा तर असा करार लागतोच.

आता एक सोपी वाट. नेपाळ २०२१ पासून आपल्या वीज एक्सचेंजवर, म्हणजे बोली लावून वीज विकल्या-घेतल्या जाणाऱ्या बाजारात, खरेदी करतो. हिवाळ्यात तिथल्या नद्या आटतात आणि वीज कमी पडते, नेमकं तेव्हा आपल्याकडे आभाळ निरभ्र असतं. एक्सचेंजवर नेपाळच्या वतीने बोली लावणारी भारतीय व्यापारी कंपनी असते आणि ठराविक मेगावॉटसाठी प्राधिकाऱ्याची मंजुरी तिनेच घ्यायची असते. तुम्ही फक्त एक्सचेंजवर वीज मांडायची. घेणारा पुण्याचा की पोखऱ्याचा, हे तुम्हाला कळतही नाही.

पण त्यासाठी वीज मोकळी हवी. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतला प्रकल्प असेल तर महावितरणशी २५ वर्षांचा करार झालेला असतो आणि त्यातली वीज दुसरीकडे वळवता येत नाही. दिल्लीचं तिकीट काढण्याआधी तुमचा वीज खरेदी करार काढा आणि संपूर्ण निर्मिती त्यात बांधली आहे की काही मेगावॉट सुटे ठेवलेत, ते कलम वाचा.